मल्लीने उचललेला पाय

तांबरम, रविवार, संध्याकाळ

मणक्याच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा पागेत गेलो. डॉक्टरांनी घोड्याजवळ उभं राहायला परवानगी दिलीय, वाकायला नाही. घरून निघण्याआधी कंबरेचा पट्टा पुन्हा पुन्हा तपासला.

मल्ली घोडीने माझा हात हुंगला. मग सवयीने तो हात तिच्या खांद्यावरून गुडघ्याकडे सरकला, आणि तिने लगेच पुढचा पाय उचलून धरला. खूर साफ करायला, नेहमीसारखा. मी वाकणारच होतो. वाकलो असतो तर?

"डेय तंबी, अरे पोरा, परत टाके घालून घ्यायचेत का?" सेल्वम अण्णा ओरडले. थोरले मोतद्दार ते. त्यांनी स्वतः वाकून पाय धरला, तर मल्लीने झटकला. "बघ, तुझी लाडकी! आम्हाला भाव देत नाही."

ती पुन्हा पाय उचलून माझ्याकडे बघत राहिली. वाकता येत नसेल तर पागेत माझं काम तरी काय?

तेव्हा बाबा आठवले, अण्णांच्या तमिळमधले माझे 'अप्पा'. मी खूर खरवडायचो, तेव्हा ते मल्लीच्या मानेपाशी उभे राहून तिच्याशी मराठीत हळू आवाजात बोलत असायचे. काय बरं म्हणायचे? मी तिच्या मानेवर हात ठेवला. "दे गं बाई, पाय दे. शहाणी ना तू?"

तिने अण्णांना पाय दिला. खूर खरवडल्याचा तोच आवाज, ओल्या गवताचा तोच वास. बाबा असते तर?

"उद्यापासून ये," अण्णा खालूनच म्हणाले. "पाय मी बघतो. तू तुझ्या अप्पाच्या जागी उभा राहा."