ताईसाठी सेटअप

४ फेब्रुवारी

पडद्यावर पुन्हा चुकांच्या लाल ओळी. दुपारभर बिल्ड— म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम बांधणं— चालला आणि शेवटाला येऊन आडवा पडला. डोळे चुरचुरताहेत. निवृत्त होताना ऑफिसात सांगून आले होते, आता कोड बांधणाऱ्या त्या कंपायलरचं तोंड पाहणार नाही म्हणून. घ्या.

पण ताईच्या घशात गाठ आहे. वीस तारखेला ऑपरेशन— स्वरयंत्रच काढायचं आहे. "आवाज जाईल, पण बाई राहतील," डॉक्टर म्हणाले. त्याआधी तिची वाक्यं तिच्याच आवाजात संगणकात भरून ठेवायची. मग पडद्यावरचा चौकोन दाबला की ती बोलेल. असा प्रोग्रॅम आहे, फुकट आहे. पण त्याचा तयार सेटअप मराठी अक्षरं दाखवतच नाही, नुसती प्रश्नचिन्हं. कुणा भल्या माणसानं मूळ कोडमध्ये ते दुरुस्त केलंय, सेटअप मात्र केलेला नाही. म्हणजे तो कोड उतरवून, बांधून, दोनदा क्लिक केलं की बसेल असा सेटअप मीच करायचा. ताई आणि भावजी दोघंच, दुसऱ्या गावी. त्यांना याहून अवघड काही जमायचं नाही.

६ फेब्रुवारी

चूक सापडली. कोडला जुना कंपायलर हवा होता, मी नवा दिला होता. जुन्या सासूला नवी सून मानवली नाही. नवा काढला, जुना बसवला. सगळं पहिल्यापासून.

कॉन्व्हेंटच्या शाळेत शिवणाच्या तासाला मदर अशाच मागे येऊन उभ्या राहायच्या. काही बोलायच्या नाहीत, टाक्यावर नुसतं बोट ठेवायच्या— म्हणजे उसव. ताई दोन इयत्ता पुढे. मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसून माझा रुमाल ती पुरा करून द्यायची. हात आणि तोंड एकदम चालायचं तिचं. अजून चालतं.

७ फेब्रुवारी

कंबर धरली. काम काही झालं नाही.

९ फेब्रुवारी

बांधून झाला! उघडला, एक वाक्य भरून पाहिलं. "पाणी दे." चौकोन दाबला, बोललं. माझाच आवाज, जरा सर्दी झाल्यासारखा. सेटअप करून ताईकडे पाठवून दिला.

१० फेब्रुवारी

भावजींचा फोन. "हे 'अनोळखी प्रकाशक' म्हणतंय. विश्वास ठेवायचा का, विचारतंय." मागून ताई— आवाज फार घोगरा झालाय आता— "ओळखीची आहे म्हणावं, माझे जुने फ्रॉक घालून वाढलीय."

विश्वास ठेवला. तर पुढे दुसरीच तक्रार: एक फाइल सापडत नाही.

"माझ्याकडे तर चालतंय," मी म्हणाले.

म्हणाले आणि जीभ चावली. ऑफिसात नव्या पोरांना याच वाक्यावरून किती झापलं असेल मी! कोड बांधताना ती फाइल मीच माझ्या लॅपटॉपवर आणली होती, सेटअपमध्ये घालायची राहिली. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि ताट त्यानं घरून आणायचं, असला प्रकार.

"तुझं होईस्तोवर मी मुकी व्हायची गं," ताई म्हणाली. मी हसले. फोन ठेवला आणि पुन्हा सेटअप उघडून बसले.

१२ फेब्रुवारी

शेजारच्या वकीलबाईंचा लॅपटॉप मागून आणला. त्यावर माझं काहीच नाही, म्हणून खरं काय ते तोच सांगेल. एक फाइल घातली की दुसरी नाही म्हणे. दिवसभर हेच. वकीलबाई सारख्या डोकावत होत्या. "माझ्या केसेस आहेत हो त्यात." म्हटलं, "तुमचे आरोपी सुखरूप आहेत, बाई."

संध्याकाळी एकदाचा चालला. जेवायचाही उत्साह नाही. झोपते.

१३ फेब्रुवारी

ताईकडे बसला. मराठी अक्षरं अगदी नीट.

"भर आता रोज थोडी थोडी," म्हटलं. "पाणी, औषध, दुखतंय—"

"ते मी हातानंही सांगेन. भांडायचं कसं ते सांग."

भावजी म्हणाले, "तेवढा चौकोन रिकामा राहू दे."

१६ फेब्रुवारी

ताईचा फोन नाही. भरत असेल. मला अंथरुणातून उठवत नाहीये, पण जीव शांत आहे. माझ्याकडून करायचं ते झालं.

१८ फेब्रुवारी

सकाळी ताईचा फोन. वाक्यं सगळी भरून झाली. काल दिवसभर तिनं तोंड उघडलंच नाही, सवय व्हावी म्हणून नुसते चौकोन दाबले— भावजींशी, दूधवाल्याशी, लेकीशी फोनवर. "छान चाललं गं तुझं," म्हणाली, "कुठे अडलं नाही. सगळ्यांना सगळं कळलं. आणि रात्री पडले तेव्हा वाटलं, आज मी कुणाशी बोललेच नाही." मग म्हणाली, "ऑपरेशन नको. डॉक्टरांना कळवलंय."

दुपारच्या गाडीनं ताईकडे निघते आहे. माझा लॅपटॉप नेत नाही.