पक्षी बघायचा दोर

बाबा, तुम्ही इथे अमेरिकेत, ट्रॉयला आमच्याकडे येऊन राहिलात त्याला आता दहा वर्षं होतील, आणि तुम्हाला जाऊन नऊ. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हाही लिहिली नव्हती. रविवारी फोन करायचो, त्यात इथली थंडी आणि तुमचे गुडघे एवढंच बोलणं व्हायचं. आज लिहायला बसलो आहे कारण गेल्या रविवारी गॅरेजमध्ये तुमच्या नातीनं मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. त्या खोट्याची सुरुवात तुमच्यापासून झाली होती, म्हणून आधी तुम्हाला सांगतो.

तुम्ही आलात त्याच आठवड्यात मी मागवलेलं एक खोकं आलं होतं. मी ऑफिसात होतो, तुम्ही दार उघडून ते घेतलंत आणि संध्याकाळी मी घरी येईपर्यंत डायनिंग टेबलावर समोर ठेवून बसलात. खोक्यावरची इंग्रजी अक्षरं तुम्ही बोट ठेवून वाचली होती. मी बूट काढतो आहे तोवरच तुम्ही म्हणालात, "लाइनमन्स बेल्ट. हे तर आमचं आहे की रे." चौतीस वर्षं तालुक्याच्या गावात विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, आणि त्याच्या कामाचं नाव अमेरिकेतल्या खोक्यावर छापलेलं. तुम्ही खोकं उघडलंत, आतला दोर बोटांत घेऊन चुरला, वास घेतला, कड्या उघडून मिटून पाहिल्या. "आम्हाला असला पट्टा नोकरीच्या सोळाव्या वर्षी मिळाला. तोवर आपला कासरा." मग विचारलंत, "पण तुला कशाला?"

मी म्हणालो, "पक्षी बघायला. झाडावर बसून."

ते खरं नव्हतं. तो दोर आणि त्याच्याबरोबरचा सॅडल, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधून झाडाला टेकून लटकत बसायचा रुंद पट्टा, मी हरणांच्या शिकारीसाठी मागवला होता. ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्यानं आदल्या वर्षी मला त्याच्या जंगलातल्या जमिनीवर नेलं होतं. दीड तास उत्तरेला. त्यानं मला धनुष्यबाण शिकवला, परवाना कसा काढायचा ते सांगितलं. मला तिथे आवडलं. तीन-तीन तास कोणी कोणाशी बोलत नाही आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नाही, अशी जागा मला दुसरी मिळाली नव्हती. हे सगळं मी तुम्हाला सांगू शकलो असतो. पण मला ती वानरीण आठवली.

मी सातवीत होतो. वादळात पडलेली तार तुम्ही जोडलीत, खाली उतरलात, कोणी तारेजवळ नाही ना म्हणून नेहमीसारखी तीन वेळा हाक दिलीत, आणि लाइन सुरू करायला सांगितलंत. तेवढ्यात मागच्या खांबावर एक वानरीण चढली होती, ती तुम्हाला दिसली नाही, आणि विजेनं ती जागीच गेली. त्या संध्याकाळी तुम्ही घरी येऊन न्हाणीघरात खूप वेळ बसलात. आईनं मटण केलं होतं. तुम्ही ताट बाजूला सारलंत आणि म्हणालात, "मला नको. पोरांना वाढ." त्यानंतर तुम्ही कधी खाल्लं नाहीत. आम्हाला कधी अडवलं नाहीत, उपदेश केला नाहीत, फक्त एकदा आईला सांगताना मी ऐकलं होतं की पिल्लू तिला सोडत नव्हतं. अशा माणसाला मी, त्याचाच पट्टा कमरेला बांधून हरीण मारायला जातो, हे कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

बायको म्हणाली, "सांगून टाक ना. रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, संपलं." मी म्हणालो, सांगतो. मग एक आठवडा गेला आणि सांगायची वेळ निघून गेली, कारण तोवर तुम्ही त्या कामात पुरते उतरला होतात.

मागच्या अंगणातला मेपल तुम्ही आपला केला होतात. मी कॉम्प्युटरवर तक्ता करून ठेवला होता: कुठला दोर किती जाड, कुठला किती वजन पेलतो, कुठलं यंत्र किती हलकं. तुम्ही तो तक्ता चष्मा लावून पाहिलात आणि म्हणालात, "हे सगळं ठीक. ओला झाल्यावर काय करतो ते लिहिलंय का यात?" ते लिहिलेलं नव्हतं. तुम्ही बादलीत पाणी घेऊन तिन्ही दोर भिजवलेत. माझा बेत असा होता की वजन बांधलेली सुतळी वरच्या फांदीवरून फेकायची, तिनं दोर वर ओढून घ्यायचा आणि त्या एकाच दोरावर पायाचा फास सरकवत चढायचं. आवाज कमी, ओझं कमी. तुम्ही मान वर करून त्या फांदीकडे पाहत राहिलात. "जिला हात लावून बघितलं नाही, तिच्यावर जीव टाकायचा? घरात बायको-पोर आहे तुझं." म्हणून मग सुट्या पायऱ्या बुंध्याला एकेक बांधत, कमरेचा दोर वर सरकवत चढायचं ठरलं. मध्ये फांदी आली की दुसरा दोर फांदीच्या वर बांधून झाल्याशिवाय पहिला सोडायचा नाही, हे तुम्ही माझ्याकडून वीसदा करून घेतलंत. एकविसाव्यांदा मी पहिला आधी सोडला. जमिनीपासून तीन फुटांवर होतो, बाबा, पण तुम्ही असे ओरडलात की शेजारच्या काकू बाहेर आल्या. "उतर खाली. उतर. मी शिकवलेला बावीस वर्षांचा पोरगा माझ्या डोळ्यासमोर असाच गेलाय." मी चिडलो. मी म्हणालो, "बाबा, हे तुमचं खांबावरचं काम नाही, हे सगळं टेस्ट केलेलं असतं." संध्याकाळी मात्र तुम्हीच दोर गुंडाळून ठेवलेले होते, पीळ न पडता, जसे मला अजून येत नाहीत.

दोराची लांबी कमी-जास्त करायला मी लोखंडी यंत्र घेतलं होतं. ते तुम्हाला पटेना. तुम्ही बारीक दोरीचा तुकडा मागितलात, जाड दोराभोवती तीन वेढे घेतलेत, आणि ओढून दाखवलंत. भार पडला की घट्ट, भार काढला की बोटानं सरकते. तारा ओढताना तुम्ही हीच गाठ वापरायचात. "यंत्र आतून झिजलं तर सांगत नाही. गाठ बिघडायला लागली की डोळ्याला दिसते." मी तीच गाठ वापरायला लागलो. दुसऱ्या रविवारी तुम्ही स्वतः सॅडल बांधून पाहिलात. अडुसष्ट वर्षांचे तुम्ही, दोन फूट वर, पाय बुंध्याला टेकवून मागे रेलून बसलेले. पाच वर्षांची नात खालून टाळ्या वाजवते आहे. तुम्ही डोळे मिटून म्हणता आहात, "असलं आम्हाला मिळालं असतं तर रिटायर झालोच नसतो."

मग तुम्ही हट्ट धरलात की माणूस खाली उभा असल्याशिवाय वर चढायचं नाही, आणि एका शनिवारी मला तुम्हाला बरोबर न्यावं लागलं. धनुष्य त्या सहकाऱ्याच्या घरी ठेवलेलं असायचं, ते मी तिथेच राहू दिलं. रस्त्यात तुम्ही विचारलंत, "परमिट घेतलं का?" लाइनवर जाण्याआधी घ्यायचं ते परमिट तुमच्या डोक्यात होतं, तुम्ही गंमत करत होतात. माझ्या पाकिटात शिकारीचा परवाना होता. मी म्हणालो, घेतलंय. तुम्ही माझ्या कपड्यांकडे पाहून म्हणालात, "हे पानापानांचं काय घातलंस?" मी म्हणालो, पक्ष्यांना दिसू नये म्हणून. एक खोटं सांगितलं की पुढची आपोआप येत जातात, त्यांना फार डोकं लागत नाही.

त्या दिवशी मी पंधरा फुटांवर बसलो आणि तुम्ही खाली घडीच्या खुर्चीत, माझं जाड जॅकेट अंगात, कानटोपी घालून. पक्षी काही विशेष दिसले नाहीत. दोन तासांनी ओढ्याच्या बाजूनं एक हरिणी आली. तिच्या एका कानाची कड फाटलेली होती. वारा तिच्याकडून आपल्याकडे होता म्हणून तिला तुमचा वास आला नसणार. ती तुमच्यापासून दहा पावलांवर येऊन उभी राहिली, तुमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पाला खायला लागली. तुम्ही हलला नाहीत. मी वरून तुमची कानटोपी पाहत होतो. परत येताना गाडीत तुम्ही म्हणालात, "तिला कळलं असणार, आपण काही करणार नाही म्हणून."

पुढच्या शनिवारी तुमचे गुडघे दुखत होते. सहकारी खाली उभा राहील असं सांगून मी निघालो. तो नव्हता, मी एकटाच होतो. तेच झाड, त्याच पायऱ्या, तुमच्या गाठीवर रेललेला. ती आली. कान फाटलेला होता का, ते मी पाहिलं. फाटलेला होता. मी बाण सोडला. ती सत्तर-ऐंशी पावलं गेली आणि पडली. चूक झाली, हात सुटला, असं काही म्हणायला मला जागा नाही. मी नीट नेम धरला होता, श्वास सोडला होता, आणि त्या क्षणी मला आनंद झाला होता. वाईट वाटायला दुपार झाली.

घरी आलो तर तुम्ही नातीला संत्रं सोलून देत होतात. "आली होती का रे ती?"

"नाही आली," मी म्हणालो.

"येईल," तुम्ही म्हणालात. "आता तिला जागा माहीत झाली."

नोव्हेंबरात तुम्ही गावी परत निघालात. मी विमानतळावर बॅगा उचलल्या, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "दुसरा बांधल्याशिवाय पहिला सोडू नकोस." पुढच्या वर्षी, पावसाळा संपता संपता, झोपेतच तुम्ही गेलात. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. भेटायला येणाऱ्यांत तुमच्याबरोबरचे एक वायरमन काका होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तू तो झाडावर बसून पाखरं बघणारा ना? तुझा बाप वर्षभर तेच सांगत होता. म्हणायचा, आयुष्यभर पोटासाठी चढलो, पोरगा नुसतं बघायला चढतो, आणि गाठ माझी बांधतो." ओट्यावर बसलेले सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. मी मान हलवली. तेव्हा तरी कोणाला तरी सांगता आलं असतं.

मी शिकार सोडली नाही, बाबा. एक वर्ष गेलो नाही, मग पुन्हा जायला लागलो. तुमची नात आता पंधरा वर्षांची आहे, दोन वर्षं माझ्याबरोबर येते, खाली बसते. या वर्षी तिला स्वतःला चढायचं आहे. तिच्यासाठी नवा सॅडल आणला, नवे दोर आणले. माझे जुने कापून टाकले, कारण वापरलेल्या दोराचं आयुष्य संपलं की तो दुसऱ्याच्या हातात पडू नये. गेल्या रविवारी गॅरेजमध्ये आम्ही ते मांडून बसलो होतो. तिला यंत्र हवं होतं. एका हातानं होतं, सगळे तेच वापरतात, म्हणाली. मी बारीक दोरी घेतली, तीन वेढे घातले, ओढून दाखवलं.

"हू टॉट यू धिस?"

"आजोबांनी."

तिनं ती गाठ सरकवून पाहिली. तिला तुम्ही आठवता, मेपलला लटकलेले. "सो आजोबा वॉज कूल विथ इट? द हंटिंग?"

आत स्वयंपाकघरात तिची आई भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हणालो, "हो. त्यांना माहीत होतं." भांडी पुन्हा वाजायला लागली. पोरगी म्हणाली, "दॅट्स सो नाइस, बाबा," आणि तिनं यंत्र परत खोक्यात ठेवून दिलं.

आता तिला वाटतं की ती आजोबांचं काहीतरी पुढे नेते आहे. तिनं मैत्रिणींना सांगितलं आहे. परवा शाळेच्या निबंधात लिहिणार म्हणत होती. तुमच्या नावावर मी एक गोष्ट टाकली आहे जी तुम्ही केली नसतीत, आणि ती नाकारायला तुम्ही नाही आहात. तुमच्याशी खोटं बोललो तेव्हा निदान तुम्ही समोर होतात, मला पकडू शकला असतात. कदाचित बायको म्हणाली तसं दोन दिवसांत संपलंही असतं. तुम्ही आम्हाला कधी अडवलं नव्हतं. ती संधी मी तुम्हाला दिली नाही, आणि याचं मला त्या हरिणीपेक्षा जास्त वाईट वाटतं.

येत्या शनिवारी आम्ही दोघं जाणार आहोत. त्याआधी तिला खरं सांगायचं, असं ठरवून मी हे लिहायला घेतलं होतं. लिहून झालं की तिलाच वाचायला द्यावं, असंही मनात होतं. पण तिला मराठी अक्षरं वाचता येत नाहीत, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं.