आठवीत मी, नववीतही मी

१ जुलै १९८६, मंगळवार

पुण्याच्या शिबिरातून काल परतलो. विषय शैक्षणिक तंत्रज्ञान. स्लाइड प्रोजेक्टर, टेपरेकॉर्डर, सगळं हाताळलं. ओव्हरहेड प्रोजेक्टरला हात लावू दिला नाही, पण अगदी जवळून पाहिला. डोकं नुसतं भणभणतंय. येताना बसायला जागा होती तरी बोईसरपर्यंत उभाच आलो.

शाळेत पाऊल टाकलं तर बातमी. इंग्रजीचे दुसरे सर बँकेत लागले, गेले. नवीन माणूस यंदा मिळायचा नाही. हेडसर राऊत म्हणाले, झुंबर सर, आठवी आणि नववी दोन्ही तुम्हीच बघा, तास एकाच वेळी येतात, पण ॲडजस्ट करा. दुसरा कोणी असता तर रडला असता. मला संधी दिसली.

ऑफिसच्या कपाटात टेपरेकॉर्डर आहे. एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीने भेट दिलेला. झेंडावंदनाखेरीज कधी वाजलेला नाही. तर योजना अशी : आठवीचे धडे घरी रेकॉर्ड करायचे. आठवीत कॅसेट शिकवेल, त्याच वेळी नववीत मी. ठाणे जिल्ह्यात हे कोणी केलेलं नसणार. बहुधा महाराष्ट्रातही नाही.

शिवाय पुस्तक लिहायचं. 'शिक्षकांसाठी तंत्रज्ञानाच्या टिपा'. पहिली टीप सुचलीसुद्धा : यंत्राला किरकोळ रजा लागत नाही.

६ जुलै, रविवार

रेकॉर्डिंग केलं. सालवडच्या आमच्या चाळीत शांतता मिळवणं सोपं नाही. पलीकडच्या खोलीत कंपनीतले तिघे शिफ्टवाले, त्यांचा रेडिओ. त्यांना म्हटलं, भाईसाब, जरा बंद करो, पढाई चालू है. त्यांनी विचारलं, किसकी? उत्तर द्यायला वेळ नव्हता.

उषाला सांगितलं, आजपासून मी रेकॉर्डिंग करत असताना बोलायचं नाही. तिने विचारलं, कधीपर्यंत? म्हटलं, पोर्शन संपेपर्यंत. ती काहीच बोलली नाही. सहकार्य चांगलं आहे.

सुरुवातीचा भाग परत लावून ऐकला. आवाज भारदस्त आहे. उषा म्हणाली, वेगळाच माणूस वाटतो, तुम्ही इतकं सावकाश कुठे बोलता. कौतुक तिला सरळ करताच येत नाही.

८ जुलै

प्रयोग सुरू. आठवीच्या टेबलावर यंत्र ठेवलं, बटण दाबलं, नववीत गेलो. बसवत नव्हतं. दर थोड्या वेळाने पॅसेजमध्ये जाऊन आठवीच्या दाराला कान लावत होतो. वर्ग चिडीचूप. नंतर कॅसेटमधला मी म्हणालो, "रिपीट आफ्टर मी." आणि सगळ्या आठवीने एका सुरात म्हटलं, "अहो, रॉकेल संपलं."

रेकॉर्डिंगच्या वेळी उषा आत डोकावली होती, ते राहून गेलेलं.

पण उच्चार स्पष्ट होते. सामूहिक प्रतिसाद उत्तम. शाळेतली एवढी एकजूट आजवर फक्त प्रार्थनेला पाहिली.

१९ जुलै

वीज गेली. सेल घातले. सेल उतरत आले की आवाज इतका जाड होतो की पहिल्या बाकावरच्या मुली घाबरल्या. कॅसेटची एक बाजू संपली की आठवीतून कोणीतरी धावत येतं. "सर, पलटायला चला." नववीत वाक्य अर्धवट सोडून जातो. परत येईपर्यंत नववी मला विसरलेली असते.

शेजारी सातवीला मैनाबाई मराठी शिकवतात. पालघरकडच्या माहीमहून एस.टी.ने येतात. त्यांच्या वर्गात यंत्र नाही, फळा नीट नाही, तरी दंगा नाही. मधल्या सुट्टीत म्हणाल्या, सर, तुम्ही दिवसभर दोन वर्गांच्या मधल्या पॅसेजमध्येच असता. मी म्हटलं, त्याला कोऑर्डिनेशन म्हणतात.

टीप : शिक्षकाने दोन्ही वर्गांपासून समान अंतरावर राहावं.

९ ऑगस्ट

महत्त्वाचं. ठाण्याला तंत्रज्ञानासाठी एक नवीन जागा निघतेय. साधनव्यक्ती. वर्ग घ्यायचे नाहीत, फक्त इतर शिक्षकांना वर्ग कसे घ्यायचे ते सांगायचं. हेडसर म्हणाले, विस्तार अधिकारी ऑक्टोबरमध्ये शाळा बघायला येणार, तुमचं ते डब्याचं काम त्यांना दाखवू.

डबा म्हणाले. असो. जागा माझीच आहे. उषाला सांगितलं, ठाण्यात दोन खोल्या बघाव्या लागतील. तिने विचारलं, त्यांनी तुम्हाला विचारलंय का? मी म्हटलं, अजून नाही. ती पुन्हा पापलेट साफ करायला लागली.

३ सप्टेंबर

घटक चाचणी. नववी बेताची. आठवी पडली. म्हणजे जवळजवळ सगळीच पडली. पेपर तपासताना उठून फेऱ्या मारल्या.

नीट विचार केला. प्रश्नपत्रिका कागदावर होती आणि शिक्षण आवाजातून झालं होतं. माध्यमबदलाचा दोष. मुलांचा नाही, यंत्राचा तर नाहीच. हेडसरांना हे समजावलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

१० सप्टेंबर

मैनाबाईंनी अडवलं. म्हणाल्या, तुमच्या आठवीतली तानी येत नाही, लक्षात आलंय का? नव्हतं आलं. आठवीची हजेरी हल्ली मॉनिटर घेतो.

तानी म्हणजे पाम गावाकडच्या पाड्यावरची मुलगी. मागच्या बाकावर बसते. मैनाबाई म्हणाल्या, हुशार आहे हो, आणि तिच्या घरचे दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात, आत्ताच शाळा सुटली तर तीही जाईल, मग संपलं. मी म्हटलं, कॅसेट घरी नेऊन ऐकवू. घरोघरी शिक्षण. अधिकाऱ्यांना सांगायला हा मुद्दा फारच चांगला. हा मुद्दा मला आधी कसा सुचला नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

पामला गेलो. सायकलला मागे यंत्र बांधलं, नवे सेल घेतले. चिखल फार. शर्ट वाया.

तानी अंगणात भात कुटत होती. मला बघून आत पळाली. तिची आई बायडी बाहेर आली, खाट टाकली. मी विचारलं, मुलगी शाळेत का येत नाही? बायडी म्हणाली, "येल कशी? ती इचारते, तो डबा आयकत नाय. ती उभी राते, तो आपला बोलतच जाते. पोरं हसतात तिला."

मी सांगितलं की प्रश्न शेवटी विचारायचे असतात. बायडी म्हणाली, शेवटाला तुमी डबा उचलून जाता.

तानीला बाहेर बोलावलं. काय विचारायचं होतं ते विचार म्हटलं. तिने अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाली, "एक मानूस जातो तर गोज. चार जनं जातात तर गो. एकट्याला जास्ती अक्षर कशाला, सर?"

एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर उत्तर येत नव्हतं. पण खडे घेतले, खाटेपुढे मांडले. एकटा जाणारा, चौघे जाणारे. म्हटलं, एकटा असला की सोबतीला एस घेतो असं समज. हे व्याकरणात कुठेही नाही. तिने लगेच स्वतः इंग्रजी वाक्यं केली. कोंबडी जाते, कोंबड्या जातात. आई येते, आम्ही येतो. मग पाड्यावरची आणखी पोरं जमली, तीही करायला लागली. बायडीने कोरा चहा दिला. ऊन कलेपर्यंत हेच चाललं.

परत निघताना लक्षात आलं, यंत्र सायकलवरून सोडलंच नव्हतं. अख्खी फेरी फुकट. प्रयोगाच्या दृष्टीने नोंद घेण्यासारखं काहीच घडलं नाही.

१६ सप्टेंबर

तानी शाळेत आली. कॅसेटचा दबदबा पाड्यापर्यंत पोचला म्हणायचा.

१४ ऑक्टोबर

उद्या विस्तार अधिकारी. यंत्र पुसलं. टेप जिथून सरकते ते हेड स्पिरिटने साफ केलं. आठवीला बजावलं, साहेबांसमोर कोणीही पलटायला चला म्हणून ओरडायचं नाही, बोट वर करायचं. जेवण गेलं नाही. उषा म्हणाली, बसून तरी घ्या. बसलो, उठलो.

१५ ऑक्टोबर

साहेब आले. वीज होती. पद्धत अशी आहे की मी आठवीत थांबायचं नाही, म्हणून बटण दाबून नववीत गेलो आणि दाराच्या फटीतून पाहत राहिलो. नववीही माझ्यामागे येऊन पाहू लागली.

कॅसेट सुंदर वाजली. संपल्यावर साहेबांनी वर्गाला विचारलं, तुम्हाला इंग्रजी कोण शिकवतं? साठ बोटं टेपरेकॉर्डरकडे. मी तोवर आत गेलो होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, आणि हे सर? पुढच्या बाकावरचा देवू उभा राहिला. म्हणाला, "हे बटन दाबायला येतात. बाजूपन पलटतात."

हेडसर खिडकीबाहेर बघू लागले. मला मात्र समाधान वाटलं. यंत्राशी मुलांचं इतकं घट्ट नातं दुसरीकडे दिसणार नाही.

मग साहेबांनी व्याकरण विचारलं. वर्ग पुन्हा यंत्राकडे पाहू लागला. तानी उठली. गो आणि गोज अगदी बरोबर सांगितलं, वर चार वाक्यं स्वतःची. साहेब खूष. म्हणाले, शाबास, हे कॅसेटवर शिकलीस? ती म्हणाली, "नाय. सर घरी आले होते. खड्यांवर शिकवलं."

नेमकं तेव्हाच हे बोलायची काय गरज होती. एवढा चांगला निकाल, पण यंत्राच्या खात्यावर धरता येत नाही.

तरी साहेबांनी जाताना शेरा लिहिला : 'अत्यंत उपयुक्त. वरिष्ठांकडे शिफारस करीत आहे.' मी स्वतः वाचला.

१८ ऑक्टोबर

तयारी. घरमालकांना सांगितलं, खोली सोडणार. बोईसरला जाऊन सुटकेस आणली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर माझ्या नावाखाली 'साधनव्यक्ती, ठाणे' लिहून पाहिलं. बरं दिसतं. उषाला म्हटलं, भांडी बांधायला घे. ती म्हणाली, ऑर्डर आली की बांधू, तोवर भात कशात करू?

२४ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. ऑर्डर आली.

हेडसरांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. पेढे आणि हार मी सुचवल्याप्रमाणे आधीच मागवलेले होते. त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे दिला.

डोंगराकडच्या एका नव्या आश्रमशाळेत इंग्रजीचा शिक्षक मिळत नाही. सबब टेपरेकॉर्डर, सर्व कॅसेटांसह, तिकडे पाठवण्यात यावा. यंत्र अन्यत्र जात असल्याने झुंबर सरांनी आठवी आणि नववी हॉलमध्ये एकत्र बसवून शिकवावी. ठाण्याचा उल्लेख नाही. दोन्ही बाजू पाहिल्या.

हार आणलेलाच होता. मैनाबाई म्हणाल्या, झेंडूचा आहे, सुकून जाईल. त्यांनी तो यंत्राला घातला. शिपायाने खोक्यात बांधलं. पेढे मुलांना वाटले.

घरी आलो तर उषा भात टाकत होती. तिने घरमालकांना आपण राहतोय असं दिवाळीतच सांगून ठेवलं होतं म्हणे.

२६ नोव्हेंबर

नवा प्रयोग सुरू : वर्गात शिक्षक प्रत्यक्ष हजर. यावर पुण्याला काहीच सांगितलं नव्हतं. हॉलमध्ये आठवी-नववी खेटून बसतात. प्रश्न मध्येच विचारतात. एकाला उत्तर देईपर्यंत दुसरा उठतो. घसा बसला. तानीच्या घरचे कामाला गेले, ती मैनाबाईंच्या ओळखीने शाळेजवळच्या एका घरी राहिली आहे. आज तिने सहा वेळा थांबवलं. देवू म्हणाला, सर, जरा मोठ्याने बोला ना, डब्यात तुमचा आवाज चांगला होता.

११ जानेवारी १९८७, रविवार

पालघरच्या एस.टी. स्टँडवर एक गृहस्थ माझं बोलणं ऐकून वळले. मी कंडक्टरला गाडीची वेळ विचारत होतो. म्हणाले, आवाज ओळखीचा वाटतो, तुम्ही झुंबर सर का? ते त्या आश्रमशाळेचे हेडमास्तर निघाले. मारुती सर. मला मनापासून आनंद झाला. म्हणजे काम पोचलंय, आवाजावरून लोक ओळखतात.

विचारलं, कॅसेट कशी चाललीय? म्हणाले, आता एकदम उत्तम. सुरुवातीला पोरं फार दंगा करायची. मग सारखी विचारू लागली, हे बोलणारे सर कुठे असतात, कधी येणार, येत का नाहीत. रोज तेच. मी म्हटलं, मग तुम्ही काय सांगितलंत?

मारुती सर जवळ सरकले. इकडेतिकडे पाहिलं. "सांगितलं, की सर आता नाहीत."

मी म्हटलं, नाहीत म्हणजे?

"म्हणजे नाहीत. वारले. तेव्हापासून पोरं हात जोडून ऐकतात, सर. एक शब्द कोणी बोलत नाही. परवाच्या चाचणीला बरीच पास झाली." मग त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, एक विनंती आहे. वार्षिक परीक्षेपर्यंत कृपा करून आमच्या बाजूला येऊ नका.

मी विचारलं, कधी वारलो म्हणून सांगितलंत?

म्हणाले, तारीख नाही सांगितली, नुसतं मागेच म्हटलं.

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. मी येणार नाही म्हणून कबूल केलं.