चरबीचा डबा कुणाला

सगळ्यांत आधी आली ती झेफा, आणि तिला तर कुणी बोलावलंही नव्हतं. पाहुण्यांची गाडी फाटकाशी वळायच्या आत ही शेजारीण माझ्या चुलीपाशी हजर. "मुलाकडचे कसे आहेत बघायला नको का?" म्हणे. असो. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण शाळा माझी जेमतेम, आणि मनातलं आधी बाहेर पडल्याशिवाय माझा हात चालत नाही.

तर मी, ओर्दालिया पिमेंता, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार कोर्रेगो फुंडो, मिनास जेराइस, ब्राझील, डोकं ठिकाणावर, गुडघे नाहीत, हे माझ्या हातानं आणि माझ्या मर्जीनं लिहून ठेवते. कुणी धाक घातलेला नाही. हे माझ्यामागे उघडावं, आधी नाही. यात एका भल्या माणसाची अब्रू आहे.

घर, परसातली संत्र्याची झाडं आणि डुकरीण हे सर्व नात जुसारा हिला. तिची आई साओ पाउलोला कामाला गेली ती तिकडचीच झाली; पोरीला मी वाढवलं. रविवारपासून ती माझ्याशी बोलत नाही. तरी घर तिचंच.

माझी तांब्याची मोठी कढई झेफाकडे आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेली, तेव्हा जुसाराचे दुधाचे दात पडत होते. ती जुसारानं मागून आणावी. दिली नाही तर माझ्या मयतीला झेफाला कॉफी देऊ नये.

आता कोठीतला डबा. डुक्कर कापलं की मांस तळायचं आणि त्याच्याच वितळलेल्या चरबीत, डब्यात, बुडवून ठेवायचं. वर पांढरी चरबी गोठली की आत मांस महिनोन् महिने जसंच्या तसं. दवाखान्यात भिंतीवर एक चित्र आहे, ज्यात जास्त चरबी ते पदार्थ लाल रंगात. सगळ्यांत वर डुकराची चरबी, मग लोणी, मग तळलेली कातडी, मग चीज. मी नर्सला म्हटलं, "अगं, हे तर माझं स्वयंपाकघर!" ती हसली नाही.

या डब्यापायी मला तोंड लपवायची वेळ आली आहे, ती अशी.

जुसाराला मागणी घालायला मुलाचे आईवडील, नोर्बेर्तो आणि इवेते, रविवारी शहरातून येणार होते. आदल्या दिवशी ती तेलाची बाटली घेऊन आली. "आजी, नोर्बेर्तोकाकांच्या पित्ताशयात खडे आहेत. चरबीचा थेंब चालत नाही. उद्या सगळं तेलात, तेही नावापुरतं. शपथ घे."

घेतली, आणि पाळली. घेवडा, भात, पालेभाजी, सगळं त्या बाटलीतलं. कोंबडीची तर कातडी काढली, देव मला क्षमा करो. व्याही नोर्बेर्तो गरीब स्वभावाचे. "छान झालंय हं," म्हणत औषध घ्यावं तसे जेवले. आमच्याकडे जेवून उठलेल्या पाहुण्याचे ओठ चकाकले नाहीत, तर घरच्या बाईची मान खाली जाते. त्यांचे ओठ कोरडे होते. मी बघितले.

जेवणं आटोपली, मंडळी जरा लवंडली. कोठीत खुडबुड ऐकू आली. कोठीला खिडकी नाही, आत अंधार. मी ओरडले, "आलं झेफाचं चोरटं मांजर!" लाकडी डाव उचलला आणि अंधारातच हाणला.

"अगं आई गं!"

मांजर असं ओरडत नाही. दार सताड उघडून उजेड केला तर व्याही! हात कोपरापर्यंत डब्यात, तोंडात मांसाचा तुकडा, कपाळावर टेंगूळ.

"दोना ओर्दालिया, पाया पडतो, इवेतेला सांगू नका," ते पुटपुटले. "माझी आई अस्साच डबा ठेवायची हो."

मी त्यांचा हात माझ्या एप्रनला पुसला. कपाळ दाराच्या चौकटीला आपटलं असं ठरलं.

निघायच्या वेळी त्यांच्या पोटात कळ आली. वाकडे झाले. विहीणबाई माझ्यावर कडाडल्या, "तेलात केलंय म्हणालात ना? जीव घ्यायला बसलात का? या घरात माझा मुलगा पाणी प्यायलाही यायचा नाही, लग्न लांबच!" व्याही मागच्या सीटवर डोळे मिटून.

आणि जुसारा. "आजी, एक दिवस गं! एवढा एक दिवस तुला जमलं नाही?"

मी काय बोलणार? पाहुण्यानं चोरून खाल्लं असं चारचौघांत सांगू? माझं ताट रुचकर असतं तर त्या बिचाऱ्यानं डब्यात हात घातला असता का? एकतर त्याला उपाशी ठेवलं, वर डाव हाणला. नातीकडे बघायची मला लाज वाटते, आणि तिला तर खरं माहीतही नाही.

म्हणून लिहिते: डबा, आतल्या मांसासकट, व्याही नोर्बेर्तो यांना, डॉक्टर हो म्हणतील त्या दिवसापासून. डब्याला मी कुलूप बसवलं आहे. किल्ली विहीणबाईंना.

इथवर लिहिलं आणि फोन आला. जुसारानं घेतला, सगळं ऐकलं, मग माझ्या कानाला लावला.

"दोना ओर्दालिया, खडे काढले," विहीणबाई म्हणाल्या. "शुद्धीवर येताच यांनी काय विचारावं? 'मांजर सापडलं का?' मला वाटलं भूल उतरली नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी तुम्हाला काय काय बोलले! आता कुठल्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच तोंडानं या," म्हटलं, "आणि उपाशी या."

जुसारा माझ्या गळ्यात पडून रडते की हसते कळेना. "बोलली का नाहीस गं?" मला इतका आनंद झालाय की अक्षर आणखीच वाकडं येतंय. पण त्या टेंगळाची लाज काही जात नाही, ती माझ्याबरोबरच जाईल.

वर 'माझ्यामागे उघडावं' लिहिलंय ते खोडते. बाकी वाटणी तीच.

सही: ओर्दालिया पिमेंता

साक्षीदार: मार्लूसिया, दवाखान्यातली नर्स (या वेळी हसली).
साक्षीदार: झेफा तावारेस. माझं मांजर त्या दिवशी घरी झोपलं होतं, हे इथे लिहिल्यावरच सही केली. कढईबद्दल काही बोलायचं नाही.

कोर्रेगो फुंडो, तीन जून.

व्याही आणि विहीणबाई पुन्हा येणार: संत योहानाच्या सणाला, चोवीस जूनला, दुपारच्या जेवणाला.