आईने निजून पाहिलेली पेटी

लिऊगोऊ, १४ नोव्हेंबर १९९२

चि. ग्वांगरू यास मोठ्या भावाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुला घोर नको म्हणून लिहिणार नव्हतो, पण घोर मलाच एकट्याला सोसवेना. आई राळ्याच्या पेजेचे दोन घोट घेते नि वाटी सारते. औषध दिलं की म्हणते, मी एकदा मेलेलीच आहे, पुन्हा कशाला वाचवता. तू गावात काढलेल्या सिनेमातली नटी मेलेली म्हणून पेटीत निजायला घाबरली, तेव्हा तिच्या जागी ही स्वतःच्या मातीसाठी करून ठेवलेल्या पेटीत खुशाल जाऊन निजली. बायका खऱ्या रडल्या, मेलेल्यांसाठी जाळतात ते कागदी पैसेही खरे जाळले. हे बरं नव्हे असं मी सांगत होतो. तू म्हणालास, दादा, कॅमेऱ्याच्या चौकटीत येताय, बाजूला व्हा.

आता तिला तो सिनेमा बघायचाय. शेजारची काकू म्हणाली, म्हातारे, सिनेमातलं रडणं खोटंच असतं. आई म्हणाली, म्हणून तर बघायचंय, कोण कोण खोटं रडलं ते. तू सिनेमा घेऊन ये. नव्या वर्षाच्या सणापर्यंत थांबू नकोस. खोकला कसा आहे? गळ्याला काही गुंडाळत जा.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेला,
ग्वांगताय

बीजिंग, २६ नोव्हेंबर

ती. दादांना ग्वांगरूचा शिरसाष्टांग नमस्कार.

दादा, सिनेमा स्टुडिओच्या कोठारात पडून आहे. पेटीचा प्रसंग कापला तरच डबे बाहेर काढू, असं साहेब तेव्हापासून म्हणतात. मी कापला नाही, म्हणून पुढे सिनेमा मिळाला नाही, म्हणून सिनेमाच्या शाळेत मास्तरकी. मन घट्ट करून शेवटपर्यंत बघा, नजर वळवू नका, हे पोरांना दरवर्षी शिकवतो. आता तोच प्रसंग कापून आईला काय दाखवू? थोडा धीर धरा. आईला सांगा, येतो.

तुमचा,
ग्वांगरू

लिऊगोऊ, ५ डिसेंबर

चि. ग्वांगरू यास आशीर्वाद.

आईला धीर नाही. काप, पण ये. आई म्हणते, मास्तर झाला नि साधं येणं विसरला. मला लिहायला फार सुचत नाही.

ग्वांगताय

लिऊगोऊ, ३० डिसेंबर

चि. ग्वांगरू यास अनेक आशीर्वाद.

तू कुणाशी न बोलता गेलास, म्हणून लिहितो. तू कापून आणलास, पण आई आदल्या दिवशीच गेली. यात तुझा दोष नाही, गाडी उशिरा आली. मातीच्या आदल्या संध्याकाळी अंगणात सिनेमा दाखवायची आपली रीत, तेव्हा तोच लावला. तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास, म्हणून सांगतो. पडद्यावर नटीच्या जागी आपली आईच पाठीवर टोपली घेऊन चढ चढते, एकदा मागे बघते आणि सिनेमा संपतो. ती मरतच नाही.

बायका आपलं रडणं शोधत होत्या. काकूने विचारलं, आमचं कुठं गेलं? मी म्हणालो, ते उद्यासाठी ठेवलंय. दुसऱ्या दिवशी त्या चांगल्या रडल्या. खोटं कुणी रडलं असेल, तर सांगणारी आता नाही.

माझीही पेटी आतल्या खोलीत तयार आहे. सुताराने झाकण जरा जड केलंय, त्याची काळजी वाटते. कॅमेरा घेऊन ये. या वेळी मी बाजूला होणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
ग्वांगताय