शत्रूची मिशी

श्रीवर्धन, सोमवार

तीर्थस्वरूप सुचित्रामावशी,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आणि छापखान्यातलं यंत्र? (आई म्हणते, दोघांनाही तेल कमी पडतं.) इकडे सुपारी बरी आहे, बाबाही बरे आहेत. मी कॉलेज अर्धवट सोडलं हा विषय अजून रोज आमटीबरोबर वाढला जातो.

वाचनालयात बसते ती क्षिप्रा. (आईने तुला सांगितलं नसेल, म्हणजे मुद्दामच.) तिने मला एक कॉमिक दिलं. लहानपणी लढाईत तळघरात लपून बचावलेल्या एका बाईने स्वतः काढलेलं. मी म्हटलं, कॉमिक म्हणजे पोरांचा खेळ. ती म्हणाली, आधी वाच, मग तोंड उघड. वाचलं. नंतर बराच वेळ मला कोणाशी भांडता आलं नाही, यावरून काय ते समज.

मग ठरवलं, आपणही असं कॉमिक काढायचं आणि ते तिच्या हातात ठेवून लग्नाचं विचारायचं. शेजारच्या वाडीतले मार्तंडकाका एकाहत्तरच्या लढाईतून जिवंत परतलेले, पण त्यावर चकार शब्द बोलत नाहीत. म्हणून लढाई मीच रचली. काका एकटे रणगाडे उडवतात वगैरे. समोर मरणाऱ्या शत्रूला मात्र देवव्रतचा चेहरा दिला. (हा क्षिप्राला रोज मोटारसायकलवरून घरी सोडतो.) नाक, मिशी, गालावरची खळीसुद्धा. फार बरं वाटलं.

काकांनी पाहिलं आणि म्हणाले, "गाढवा, रणगाडा मी लांबूनच बघितला. घे पेन्सिल." आणि सुपारी सोलता सोलता पहिल्यांदाच बोलू लागले. पायात गोळी, काका खड्ड्यात पडलेले, शेजारी शत्रूचा शिपाई, तोही जखमी. त्याने आपलं उरलेलं पाणी काकांना पाजलं. उजाडलं तेव्हा काका जिवंत होते, तो नव्हता.

म्हणजे बघ, देवव्रतच्या हातात पाण्याची बाटली मलाच द्यावी लागली. (नवा चेहरा काढायला गेलो, तर काका म्हणाले, हाच असू दे.) ते पान बघून क्षिप्रा रडली. किती चांगला माणूस, म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "कुणासारखा तरी दिसतो रे." लग्नाचं विचारणं राहूनच गेलं.

तुझा,
ऋत्विक

ता. क. सोबत कॉमिक पाठवतोय. वाचनालयासाठी प्रती छापून देशील ना? क्षिप्राला शब्द देऊन बसलोय.

ता. क. दुसरा. पाणी पाजण्याच्या पानावर शाई जरा जास्त पडली आणि चेहरा ओळखू आला नाही, तर मी तुला बोल लावणार नाही. खरं तर त्यासाठीच हे पत्र.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार इतक्यात काका आले आणि ते पान मागून घेऊन बघत बसले. त्या शिपायाचा चेहरा आठवणीतून कधीच पुसला गेला होता म्हणे, आता डोळे मिटले की हाच दिसतो. शाई नको सांडूस, मावशी. मिशी नीट उमटू दे.