आबांनी मला मागं ठेवावं म्हणून

सर, काल मी भाकरी थापत होते आणि लेक शेजारी बसून इंग्रजी पाठ करत होती. ‘आय विश आय वर अ बर्ड.’ माझा पिठातला हात थांबलाच. म्हटलं, “पाखरू होऊन काय करतीस गं? लोकाची ज्वारी खातीस?” ती बघतच राहिली. तिला काय माहीत हे बोलणं तुमचं आहे ते! तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मला राग आला की तो अजून तुमच्याच तोंडानं येतो.

तुमच्या वर्गात पुस्तकातली इच्छा चालायचीच नाही. “घडणार न्हाई पण वाटतं, त्याला विश. घडू शकतं, त्याला होप. पण सोताचं पायजे बे, उसनं न्हाई.” पोरं मोटारसायकल मागायची. एकानं शाळेला आग लागावी म्हटलं, तर तुम्ही त्याचं वाक्य नीट करून दोनदा म्हणायला लावलंत. मला काही सुचायचं नाही. आमचं मेंढरांचं घर. आमच्यात इच्छा देवापुढं नवस म्हणून बोलायची; माणसापुढं बोलली की दृष्ट लागते. एकदा मी उठून खिडकीजवळचा बाक मागितला. “बस खाली. ही इच्छा न्हाई, तक्रार हाय,” म्हणालात. दिवाळी तोंडावर आली होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून आम्ही गोदाकाठाला निघायचो, आणि माझी शाळा तिथंच सुटायची. त्या वर्षी दहावी होती. मग एक दिवस मी उठले आणि म्हणाले, ‘आय होप दे लीव्ह मी बिहाइंड.’ त्यांनी मला मागं ठेवून जावं. वर्ग खदखदून हसला. तुम्ही हसला नाहीत, फळ्याकडं वळलात आणि ते वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलंत.

मला वाटलं, आता तुम्ही घरी याल, आबांना समजावाल. रोज वाटेकडं डोळे. तुम्ही आला नाहीत. शेवटी मीच वर्गाबाहेर गाठलं तुम्हाला. “सर, तुमी कावून आला न्हाईत?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “मी सांगितलं तर तुझे वडील मान राखून हो म्हणतील, अन् मनात तुझ्यावर धुसफुसत ऱ्हातील. तूच सांग. मराठीत.” मला रडूच फुटलं. इंग्रजीत बोलायला काय जातं, घरात कुणाला कळतंय? मराठीत तेच वाक्य केवढं जड होतं! त्या दिवशी तुमचा लई राग आला मला.

आबा दोर वळत बसले होते. मी सांगितलं. त्यांचा हात थांबला. “आमी काय वाईट केलं बाई तुझं?” एवढंच म्हणाले. आईनं चुलीत लाकूड सारलं. दोन दिवस नुसती बिऱ्हाडाची बांधाबांध चालली. मग निघायच्या सकाळी आबांनी एक कोकरू आणून माझ्या हातात दिलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हे लंगडतंय. चालवत न्हाई त्याला. पोरगी ऱ्हाईल त्याच्यासंगं, सिरसाळ्याला आत्याकडं.” कोकरू कसलं लंगडतंय! उड्या मारत होतं. पण पोरीच्या इच्छेनं पोरगी मागं ठेवली हे चारचौघांत कसं सांगायचं माझ्या बापानं? मी कोकराला घट्ट धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या घरून शाळेत आले, तर तुम्ही भर वर्गात विचारलंत, “मग? झाली का इच्छा पुरी?” मी ‘येस सर’ म्हणाले. तुमचा चेहरा असा फुलला, जसं काही तुमचीच पोरगी राहिली. पुढं दहावी झाली, नोकरी लागली, आज एसटीच्या डेपोत लोक मला मॅडम म्हणतात. सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे, हे मी कधी विसरले नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? कुठंच नाही. पण एक सांगायचं राहून गेलं, सर. कळप निघाला तशी मी ओढ्यापर्यंत मागं धावत गेले होते. आबांनी एकदा वळावं, ‘चल’ म्हणावं, असं वाटत होतं. ते वळले असते, तर मी गेले असते. ‘येस सर’ म्हणाले तेव्हाही मला जायचंच होतं.